पुढचे आणि आडवे

ज्ञानाच्या तीन पायऱ्या आपल्या भाषेने मोठ्या चतुराईने निरनिराळ्या ठेवल्या आहेत. एखादी गोष्ट आपल्याला पाठ असते, एखादी कळते आणि एखादी पटते. पाढे पाठ असतात, त्रैराशिक कळते, परंतु पटण्याचा मान फार थोड्या गोष्टींच्या वाट्याला येतो. जे पाठ आहे ते विसरता येते. जे कळले आहे ते परीक्षा झाल्यावर बाजूला ठेवता येते. जे एकदा पटले ते मात्र डोळ्यांनाच चिकटते आणि पुढे त्याच्यावाचून जगाकडे पाहणे अशक्य होऊन बसते. परीक्षा घेतल्या जातात त्या पहिल्या दोन पायऱ्यांच्या. तिसरीपर्यंत आपण पोहोचलो की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. म्हणूनच एखादे मूल आपण होऊन तिसऱ्या पायरीचा हट्ट धरून बसले, म्हणजे त्याचे कौतुक करावे की त्याची काळजी करावी, असा पेच वडील माणसांना पडतो.

हा पेच आमच्या घरात माझ्या भाचीने आणला. अकरावीच्या विज्ञानशाखेची परीक्षा देऊन ती उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी, नरसीला आली होती. नरसी नामदेव हे आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी आहे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून त्याची ख्याती. आषाढात पंढरपूरहून परतणारी वारकरी मंडळी येथे दर्शनाला येतात, आणि नामदेवांची पदे गुरुग्रंथसाहिबात असल्यामुळे पंजाबातूनही भाविक येतात. एरवी गाव शांत. अशा शांत गावी एका संध्याकाळी ओसरीवर बसून मुलीने जाहीर केले, की आपण विज्ञान सोडणार. गुण उत्तम पडले होते. प्रकृती ठीक होती. कारण विचारले तेव्हा ती एकच शब्द बोलली, “टकरी!”

पदार्थविज्ञानात दोन वस्तूंच्या टकरींचा जो भाग असतो, त्यातले एक उदाहरण तिच्या मनातून जाईना. उदाहरण साधे आहे. एक चेंडू सेकंदाला 100 सेंटिमीटर वेगाने येतो आणि तितक्याच वजनाच्या एका स्थिर चेंडूला थोडा कडेने धडकतो. टकरीनंतर एक चेंडू मूळ दिशेच्या एका बाजूला 30 अंशांचा कोन करून जातो, दुसरा दुसऱ्या बाजूला 60 अंशांचा. दोघांचे वेग काढा. तिने ते काढले होते: एकाचा 86.6, दुसऱ्याचा 50. पुस्तकातील उत्तराशी ते तंतोतंत जुळले आणि गुणही पैकीच्या पैकी मिळाले.

“पण मामा,” ती म्हणाली, “आधी शंभर होते. नंतर शहाऐंशी आणि पन्नास मिळून एकशे छत्तीस झाले. वजन तर तेवढेच आहे. मग वरचे छत्तीस कुठून आले? आणि धड्याचे नाव काय, तर संवेगाची अक्षय्यता!”

हा प्रश्न तिने शिकवणाऱ्यांना विचारला होता. उत्तर आले ते असे, की सूत्रात आकडे घालावेत, उत्तर येते ना, मग पुढच्या उदाहरणाकडे वळावे. तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या मेहुण्यांना, हा सल्ला व्यवहाराचा वाटला. त्यांचे म्हणणे असे, की जिला बरोबर आलेले उत्तरही पटत नाही, तिने वाणिज्यशाखा धरावी. माझी बहीण नुसतीच उदास झाली होती. माझ्या आईला मात्र यात विशेष काही दिसेना. ती एवढेच म्हणाली, “पोरीला पटत नसेल तर पटवून द्या. त्यात रागवायचं काय?” घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाने सर्वांत शास्त्रशुद्ध भूमिका घेतली, याची मला मोठी मौज वाटली, आणि पटवून देण्याचे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले.

मुलीच्या शंकेतील खोच लक्षात घेण्यासारखी आहे. संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, हे तिला पाठ होते. वेगाला दिशा असते, हेही तिने परीक्षेत लिहिले होते. परंतु दिशा असते म्हणजे काय, हे आपण सहसा मनावर घेत नाही. दिशा ही आपल्याला वेगाला वरून लावलेल्या चिठ्ठीसारखी वाटते. वेग शंभर, आणि दिशा पूर्व. जणू माणसाचे वजन साठ किलो आणि आडनाव कुलकर्णी. आडनाव बदलले म्हणून वजनाच्या काट्याला काही फरक पडत नाही, तशी दिशा बदलली म्हणून वेगाच्या हिशेबाला काही पडू नये, अशी आपली सुप्त समजूत असते. सारा घोटाळा याच समजुतीत आहे.

वास्तविक दिशेची महती सांगण्यास आमच्या भागाला परका पंडित आणण्याचे कारण नाही. नरसीपासून जवळच औंढा नागनाथाचे प्रसिद्ध देवालय आहे. नामदेवांना तेथे कीर्तनास मज्जाव झाला, ते देवळाच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि देवालयच फिरून त्यांच्या सन्मुख झाले, ही कथा येथील लहान मुलालाही ठाऊक असते. त्या कथेत देवालयाचा एक दगड वाढत नाही की एक दगड कमी होत नाही. बदलते ती केवळ दिशा. आणि तेवढ्याने सर्वच बदलते. आत असलेले बाहेर पडतात आणि बाहेर असलेला आत येतो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. परंतु दिशा हा वस्तूचा वरवरचा अलंकार नसून तिच्या स्वरूपाचाच अंश असू शकतो, ही गोष्ट त्या कथेने आमच्या मनात फार पूर्वी रुजवून ठेवली आहे.

मी भाचीला वहीचे कोरे पान काढावयास सांगितले आणि त्यावर दोन खाती पाडली. एका खात्याला नाव दिले ‘पुढचे’ आणि दुसऱ्याला ‘आडवे’. हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती घेऊन गेलेला शेतकरी पोत्यांची आणि रुपयांची एकत्र बेरीज करीत नाही. पोत्यांचे खाते निराळे, रुपयांचे निराळे. तद्वत येणाऱ्या चेंडूच्या दिशेने जितके जाणे असेल ते पुढच्या खात्यात, आणि त्या दिशेला काटकोनात जितके असेल ते आडव्या खात्यात मांडावयाचे. चेंडूंची वजने सारखी असल्यामुळे नुसते वेग मांडले तरी चालते. आरंभी पुढच्या खात्यात 100 आणि आडव्यात शून्य. टकरीनंतर 86.6 वेगाचा चेंडू 30 अंशांनी कलला असल्याने त्याचा पुढचा वाटा 75 भरतो. 50 वेगाचा चेंडू 60 अंशांनी कललेला. त्याचा पुढचा वाटा 25. बेरीज 100. आडव्या खात्यात पहिल्याचे 43.3 डावीकडे आणि दुसऱ्याचे 43.3 उजवीकडे, एक जमा, दुसरे नावे, बाकी शून्य. दोन्ही खाती जशी उघडली तशीच बंद झाली. मुलीला छळणारे वरचे छत्तीस हे कोठूनही आलेले नव्हते. पोती आणि रुपये यांची एकत्र बेरीज केल्यामुळे ते निर्माण झाल्यासारखे भासत होते, इतकेच.

तिने पानाकडे बराच वेळ पाहिले. “कळलं,” ती म्हणाली. मला बरे वाटणार, इतक्यात तिने पुढचे वाक्य टाकले, “पण पटलं नाही. चेंडूला कुठे ठाऊक असतं की आपली दोन खाती आहेत म्हणून?”

या प्रश्नाने मी खूष झालो. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने विज्ञान सोडणे म्हणजे तहान लागली म्हणून विहिरीपासून दूर जाण्यासारखे होते. तिच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी, ज्या ठिकाणी ती अडली होती तेथे तिच्याआधी कोण कोण अडले होते, हे तिला सांगणे मला अगत्याचे वाटले. एकट्याला न कळण्याचे दुःख असते, ते संगत मिळाली की निम्मे होते.

फ्रान्सचा थोर तत्त्वज्ञ देकार्त याने 1644 साली आपल्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथात टकरींचे सात नियम दिले. विश्वातील गतीची एकूण रक्कम कायम राहते, ही भव्य कल्पना त्याचीच. परंतु ती रक्कम मोजताना त्याने वस्तूचा आकार आणि तिची चाल यांचाच गुणाकार घेतला. दिशेला त्याने निराळे काढले. थेट आमच्या भाचीने केली तशीच बेरीज! परिणामी त्याचे बहुतेक नियम चुकले. लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर आदळली, तर ती कितीही वेगाने आली तरी मोठीला हलवू शकणार नाही, असा त्यांतला एक नियम आहे. गोट्या खेळणारा आमच्या गल्लीतला कोणताही पोरगा तो नियम एका नेमात खोटा करून दाखवील.

पुढे 1668 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने या विषयाचा छडा लावण्याचे मनावर घेतले, आणि थोड्याच अवधीत वॉलिस, रेन व हायगेन्स या तिघांनी आपापली उत्तरे धाडली. हा रेन म्हणजे लंडनच्या सेंट पॉल मंदिराचा सुप्रसिद्ध शिल्पी. हायगेन्सची युक्ती तर फारच मनोहर आहे. त्याने अशी कल्पना केली, की संथ वाहणाऱ्या होडीत एक मनुष्य उभा राहून दोन गोळे एकमेकांवर आदळवीत आहे आणि दुसरा मनुष्य काठावरून ते पाहत आहे. होडीतल्याला गोळ्यांचे वेग एक दिसतील, काठावरच्याला दुसरे; परंतु टकरीचा न्याय दोघांनाही सारखाच लागू पडला पाहिजे. केवळ एवढ्या आग्रहातून त्याने टकरींचे खरे नियम काढले. उन्हाळ्यात कयाधूला होडी चालण्याजोगे पाणी नसते, म्हणून आम्हांला ती होडी मनातच चालवावी लागली. पुढे 1687 साली न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला आणि या साऱ्याला एका नियमाचा भक्कम पाया मिळाला.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर त्या नियमातच आहे. चेंडूला आपली खाती ठाऊक असण्याची काही गरज नाही. दोन चेंडू एकमेकांना टेकलेले असतात तो क्षण अत्यंत अल्प असतो. त्या क्षणात पहिला दुसऱ्याला जितका रेटतो, नेमका तितकाच दुसरा पहिल्याला उलट रेटतो. आणि दोन्ही रेटे एकाच रेषेत, एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी संपतात. म्हणजे एकाने जे दिले तेच दुसऱ्याने घेतले. मध्ये दलाल नाही, वजनात तूट नाही. देवाणघेवाण अशी रोखठोक असल्यावर दोघांची मिळून रक्कम बदलणारच कशी? मग ती तुम्ही पुढची आणि आडवी अशी मांडा किंवा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी मांडा. खाती आपली, ती आपल्या सोयीची. कोणत्याही दोन काटकोनी दिशांनी पाडली तरी जुळतात, कारण जुळण्याचे मूळ खात्यात नसून देवाणघेवाणीत आहे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा हाच. नियम हा विश्वावर बाहेरून बसविलेला पहारेकरी नव्हे. प्रत्येक स्पर्शात जो न्याय होतो, त्याची ती केवळ बेरीज आहे.

एवढे बोलणे झाल्यावर आता बोलणे पुरे, असे आम्हा दोघांनाही वाटले. माडीवर जुना कॅरम होता, तो खाली आणला. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात दुसरे कोणते शास्त्रीय उपकरण सापडो न सापडो, कॅरम बहुधा सापडतोच, आणि टकरींच्या अभ्यासाला त्याच्यासारखे साधन नाही. गोट्या मातीत घरंगळतात, स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे त्यांचा हिशेब गुंतागुंतीचा होतो. सोंगट्या सपाट फळ्यावर नुसत्या सरकतात. आम्ही स्ट्रायकर बाजूला ठेवला, कारण तो सोंगटीच्या सुमारे तिप्पट जड असतो. आणि बोटाच्या टिचकीने एक सोंगटी दुसरीवर मारावयाची असे ठरविले. फळ्यावर बोरिक पावडर नेहमीपेक्षा सढळ हाताने पसरली. सोंगटी सरकली की पावडरीत तिची स्वच्छ वाट उमटे.

पहिल्या पाच-सात टिचक्या फुकट गेल्या. मग एक सुरेख कट बसला. एक वाट येणारी आणि दोन फुटलेल्या, असे तीन रेषांचे चित्र पावडरीत उमटले. धडक खाल्लेली सोंगटी दूर गेली होती आणि धडक देणारी दुसऱ्या बाजूला थोडी सरकून थांबली होती. पहिलीची वाट मोजली, तर दुसरीच्या अडीच-तीन पट भरली. येथे एक सोय आहे. सारख्याच फळ्यावर घसरत थांबणाऱ्या सोंगटीची वाट तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वाट तिप्पट म्हणजे वेग सुमारे पावणेदोन पट. आणि पुस्तकातले 86.6 व 50 हे आकडेही याच प्रमाणात आहेत. ज्या आकड्यांवर तिचा राग होता, तेच आकडे पावडरीत उमटलेले पाहून मुलीचा चेहरा प्रथमच उजळला.

मग मी तिला सांगितले, की सारख्या वजनाच्या सोंगट्या अशा फुटतात तेव्हा त्यांच्या वाटांमध्ये काटकोन असला पाहिजे. का, ते तिनेच काढले. दोन वेगांचे बाण एकापुढे एक जोडले की मूळ वेगाचा बाण मिळतो. म्हणजे तिन्हींचा त्रिकोण होतो. शक्तीचा क्षय झाला नाही असे धरले, तर दोन वेगांच्या वर्गांची बेरीज मूळ वेगाच्या वर्गाइतकी येते. ज्या त्रिकोणात असे घडते तो काटकोन त्रिकोण, हे तर शाळेत शिकविलेलेच. पायथागोरसाची शाळेतली जुनी ओळख अशी अचानक कॅरमच्या फळ्यावर निघालेली पाहून ती हसली, आणि पडताळा पाहण्यासाठी धावत जाऊन देवघरातले पंचांग घेऊन आली. त्याचा कोपरा तिने दोन वाटांच्या मध्ये बसवून पाहिला. तो बसला नाही! वाटांमधला कोन काटकोनापेक्षा पाच-सात अंशांनी कमी होता.

दुसरे कोणी असते तर पंचांगाला किंवा बोटाला दोष देऊन मोकळे झाले असते. ही मुलगी पुन्हा पुन्हा टिचक्या मारीत राहिली, आणि प्रत्येक वेळी कोन थोडा कमीच भरला. “कमीच का? कधी जास्त का नाही?” तिने विचारले आणि उत्तरही तिलाच सुचले. सोंगटी सोंगटीवर आदळते तेव्हा टक् असा आवाज होतो. तो आवाज फुकट होत नाही. आवाजात आणि थोड्याशा उष्णतेत शक्तीचा काही अंश खर्ची पडतो. त्यामुळे वर्गांची बेरीज किंचित कमी भरते आणि कोन मिटतो. शक्ती अशी गळते, तर मग संवेगही गळत असला पाहिजे, अशी तिला भीती वाटली. आम्ही वाटांच्या लांबीवरून वेग काढले आणि आडवे खाते पुन्हा मांडले. मोजण्यातल्या बारीकसारीक फरकाखेरीज डावीकडचे आणि उजवीकडचे सारखेच निघाले. आवाजाला शक्ती लागते. परंतु आवाज चहूकडे पसरतो, आणि चहूकडे जाणाऱ्या गोष्टीची दिशांच्या हिशेबात बेरीज जवळजवळ शून्य होते. शक्तीला रूप बदलून निसटता येते. संवेगाला रूपच एक. त्याला निसटून जावयास दुसरे दार नाही.

आजी इतका वेळ निवडलेल्या डाळीचे सूप मांडीवर घेऊन पाहत होती. ती म्हणाली, “अगं पण शेवटी दोन्ही सोंगट्या थांबल्याच की! मग कुठं गेलं तुझं ते?”

हा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर. सोंगट्यांना फळ्याने थांबविले. म्हणजे त्यांनी आपला संवेग फळ्याला दिला, फळ्याने जमिनीला, जमिनीने पृथ्वीला. नरसी गाव, कयाधू नदी आणि सातही समुद्र धरून ही सारी पृथ्वी त्या दोन सोंगट्यांनी लोटली; ती इतकी प्रचंड, की तिच्या वेगातला फरक कोणत्याही यंत्राला दिसणार नाही. परंतु गोष्ट येथेच संपत नाही. मुलीने टिचकी मारली तेव्हा ती जमिनीवर बसली होती, आणि सोंगटीला पुढे लोटताना तिने पृथ्वीला तितकेच मागे लोटले होते. म्हणजे आरंभी पृथ्वीकडून जे उसने घेतले तेच सोंगट्यांनी थांबता थांबता परत केले. मध्यंतरी दोन सोंगट्यांचा जो खेळ झाला तो सारा उसन्या भांडवलावरचा. आजीने मान हलविली आणि ती डाळ घेऊन आत गेली. तिला ते कळले की नाही, हे मी सांगू शकत नाही. तिला ते पटले होते, असे मात्र तिच्या मान हलविण्यावरून वाटले.

येथे निबंधकाराला एक मोह होतो. माणसांच्या टकरींना हाच नियम लावावा, घराघरांतल्या भांडणांतही देवाणघेवाण समसमान असते असे म्हणावे, आणि एखादा बोध काढून मोकळे व्हावे. तो मोह मी आवरतो. माणसांच्या टकरींत खाती जुळत नाहीत, हे वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. या नियमाचे महत्त्व ज्या ठिकाणी तो खरोखर लागू आहे तेथेच इतके आहे, की त्याला उपमेच्या कामाला जुंपण्याचे प्रयोजन नाही.

विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाचा मोठा भाग या दोन खात्यांवर उभा राहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जे कण डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत, ते टकरीनंतर कोणत्या कोनात फुटले हे पाहून शास्त्रज्ञांनी त्यांची वजने सांगितली. 1923 साली कॉम्प्टनने दाखविले, की क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून वळतात तेव्हा हिशेब अगदी दोन चेंडूंच्या टकरीसारखा जुळतो. प्रकाशालाही संवेग असतो, याचा हा ढळढळीत पुरावा. ब्लॅकेटच्या मेघपेटीतील छायाचित्रांत हेलियमचे दोन सारखे कण एकमेकांवर आदळून काटकोनात फुटलेले दिसतात. आमच्या पावडरीतले चित्रच, परंतु अणूच्या गाभ्यांनी काढलेले. 1932 साली चॅडविकने न्यूट्रॉन शोधला, तो न्यूट्रॉन पाहून नव्हे, तर त्याची धडक खाऊन उडालेले हायड्रोजन व नायट्रोजन यांचे गाभे मोजून. अदृश्य स्ट्रायकरचे वजन उडालेल्या सोंगट्यांवरून काढावे, तसा तो प्रकार. आणि मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी 1936 साली इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे जे गणित प्रसिद्ध केले, ती टक्कर आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची 1945 साली प्रतिष्ठापना करणारे ते हेच भाभा.

हे सारे दूरचे वाटेल, म्हणून एक जवळची गोष्ट सांगतो. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथाजवळ, लायगो-इंडिया नावाची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 च्या एप्रिल महिन्यात तिच्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिचे दोन बाहू प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीचे आणि एकमेकांना काटकोनात असतील. अशाच अमेरिकेतील दोन यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी, सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याची खूण प्रथम टिपली. अवकाशातून गुरुत्वाची लहर आली म्हणजे एक बाहू किंचित लांबतो आणि दुसरा आखडतो. दोहोंची तुलना करूनच ती ओळखावयाची. काटकोनातल्या दोन दिशा येथे निराळ्या कारणासाठी घेतल्या आहेत, हे खरे. परंतु ज्या टकरींचा वेध तेथे घ्यावयाचा, त्यांनाही आमच्या कॅरमवरचाच न्याय लागतो. कृष्णविवरे मिसळताना ज्या लहरी निघतात त्या संवेग घेऊन जातात. आणि त्या एका बाजूला अधिक गेल्या, तर उरलेले कृष्णविवर उलट दिशेला फेकले जाते. 2020 च्या जानेवारीत टिपलेल्या अशा एका मीलनाचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा उरलेल्या कृष्णविवराचा वेग सेकंदाला सुमारे 1500 किलोमीटर निघाला. तेथे ना फळा, ना पावडर, ना आवाज. तरीही खाते बंद होताना जमा आणि नावे सारखेच.

औंढ्याच्या वेधशाळेची ही हकीकत मी भाचीला सांगितली तेव्हा रात्र बरीच झाली होती. विज्ञान सोडण्याचा विषय त्यानंतर तिने काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. मेहुण्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर विचारले, तेव्हा आजीने त्यांना कळविले, की पोरगी सकाळपासून कॅरमवर बसली आहे आणि आता तिने स्ट्रायकर घेतला आहे. स्ट्रायकर तिप्पट जड. तो स्थिर सोंगटीवर कसाही आदळला तरी आपल्या वाटेपासून साडेएकोणीस अंशांपलीकडे वळू शकत नाही, असे तिचे गणित सांगत होते, आणि ते तिला फळ्यावर पाहावयाचे होते. उत्तर पुस्तकात दिलेले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते. तिने वहीचे नवे पान उघडून त्यावर आपल्या हाताने दोन खाती पाडली होती, आणि त्यांची नावे तिने ठेवली होती तीच: पुढचे आणि आडवे.